मुक्कामी गाडी

समुद्रपूरला रेल्वे नाही. सेवाग्रामहून बल्लारशाहकडे जाणारा लोहमार्ग हिंगणघाटवरून निघून जातो आणि वर्धा जिल्ह्यातला हा तालुका त्याच्या पूर्वेला राहतो. जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुततं. नाल्याला पूर आला की गाव चारी बाजूंनी तुटतं. पक्क्या सडका होण्यापूर्वी मृगापासून पोळ्यापर्यंत अशी कितीतरी गावं बेटंच होऊन राहत. या बेटांना तालुक्याशी, जिल्ह्याशी बांधलं ते एसटीनं, आणि एसटीतही सगळ्यात मोठं काम केलं ते मुक्कामी गाडीनं.

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी स्थानकातून निघणारी शेवटची फेरी. ती आडवळणाच्या गावी पोचते आणि रात्री परत फिरत नाही. चालक-वाहक गाडीतच, नाहीतर ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाच्या ओसरीवर पाठ टेकतात. पहाटे तीच गाडी गावातली पहिली फेरी होऊन निघते. आगारातून सकाळी सुटलेली गाडी शेवटच्या गावी पोचेपर्यंत उन्हं वर येतात. तोवर शाळेची घंटा झालेली असते, दवाखान्यात रांग लागलेली असते, तहसिलीत पुकारा होऊन गेलेला असतो. मुक्कामी गाडीनं हा हिशेब उलटा मांडला. दिवस गावातून सुरू व्हावा आणि शहरानं त्याची वाट पाहावी, असं तिनं ठरवलं. नफ्याकडे बघणाऱ्या कुठल्याही मोटारमालकाला हे सुचलं नसतं, कारण रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं कुणी भाडं देत नाही.

एसटीचा जन्म पुणे-अहमदनगर रस्त्यावरचा. 1 जून 1948 रोजी पहिली गाडी सुटली, तेव्हा चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. गाडी बेडफर्डची, तीस आसनांची. सांगाडा लाकडी, बैठकी काथ्याच्या, रंग निळा आणि रुपेरी. त्या काळात शेव्हर्ले, फोर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड असा नाना कंपन्यांचा ताफा एकाच खात्यात धावत होता, आणि एका गाडीचा सुटा भाग दुसरीला चालत नसे. विदर्भ तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. इकडची सरकारी वाहतूक ‘प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस’ या नावानं चाले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, आणि विदर्भाच्या गाड्याही पुढे एसटी महामंडळाच्या झाल्या.

गाडीचं अंगही बदलत गेलं. लाकडाच्या जागी पोलाद आलं, काथ्याच्या जागी गादी आली. पण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत पोलादाला गंज चढू लागला, तेव्हा 1960 च्या सुमारास ॲल्युमिनियमचा सांगाडा स्वीकारला गेला आणि निळा-रुपेरी रंग जाऊन लाल आला. कोकणातल्या वाऱ्यानं ठरवलेला धातू अशा रीतीनं वर्ध्याच्या काळ्या मातीतही येऊन पोचला. हे सांगाडे महामंडळाच्याच कार्यशाळांत बांधले जात. पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादेत चिकलठाणा आणि विदर्भासाठी नागपूरजवळ हिंगणा. टाटा किंवा लेलँडकडून नुसती चासी यायची : इंजिन, चाकं आणि स्टिअरिंग. हिंगण्याच्या कामगारांनी तिच्यावर पत्रे रिव्हेट करून, खिडक्या-बाकडी बसवून गाडी उभी करायची. म्हणून समुद्रपूर तालुक्यातल्या गिरड-कोऱ्याच्या वाटेवर जी गाडी खडखडत यायची, तिच्या पत्र्यात विदर्भातल्या हातांचं काम असे.

त्या गाडीच्या मागे शिडी आणि टपावर कठडा असायचा, तो शोभेसाठी नव्हे. टपावर बियाण्याची पोती, सायकल, भाजीच्या पाट्या, लग्नाची ट्रंक चढे. वर्तमानपत्रांचे गठ्ठे गाडीनं येत, आणि शहरात खोली करून शिकणाऱ्या मुलाचा जेवणाचा डबाही वाहकाच्या हवाली होई. दोरी ओढून एकदा घंटी दिली की गाडी थांबे, दोनदा दिली की निघे. वाहकाच्या पेटीत रंगीत तिकिटांच्या चळती आणि हातात चिमटा. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला जाणारा भाविक, हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा भाव विचारायला निघालेला शेतकरी आणि बाळंतपणाला माहेरी आलेली लेक एकाच बाकड्यावर बसत.

मुलींच्या शिक्षणावर या गाडीचा उपकार फार मोठा आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत गावाकडच्या मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो. पण पास हातात असला तरी घंटेआधी पोचवणारी गाडी हवी. सातवीनंतर मुलीची शाळा सुटू नये, याला कायद्याइतकीच पहाटेची फेरी कारण आहे.

ही गाडी नसली तर काय होतं, ते 2021 च्या अखेरीस दिसलं. कर्मचाऱ्यांचा संप ऑक्टोबरअखेर सुरू झाला आणि एप्रिल 2022 पर्यंत रेंगाळला. डांबरी सडक दारापर्यंत होती, मोबाइल खिशात होता. तरी ज्याच्या घरी दुचाकी नव्हती, तो अडकला. सर्वांत आधी अडकल्या शाळकरी मुली आणि म्हातारी माणसं.

आता महामंडळात विजेवर चालणाऱ्या गाड्या येत आहेत. धूर नसेल, खडखडाट नसेल. त्यांचं स्वागत करायलाच हवं. पण विजेच्या गाडीला रात्री चार्जिंग लागतं आणि ती सोय प्रामुख्यानं आगारांत होते. म्हणजे गाडी रात्री आगारात परतली की आडगावची पहाट पुन्हा उशिरा उजाडणार. यावर उपाय आहे. मुक्कामाच्या काही गावांत चार्जिंगची सोय करावी, नाहीतर त्या फेऱ्यांसाठी डिझेलच्या गाड्या राखून ठेवाव्यात. जुन्या निळ्या-रुपेरी बेडफर्डची जागा संग्रहालयात आहे आणि ती तिला मिळायलाच हवी. मात्र एसटीचा खरा वारसा वेळापत्रकातल्या त्या एका ओळीत आहे, जिथं गावाच्या नावापुढे ‘मुक्काम’ असं लिहिलेलं असतं. ती ओळ खोडण्याआधी महामंडळानं त्या गावातल्या दहावीच्या मुलीला विचारावं, उद्या तू शाळेत कशी जाशील?