पिस्तूल किती दिवसांनी साफ करावे?

७ ऑक्टोबर २०२३ नंतर ह्या देशात एक लाखाहून अधिक लोकांनी खासगी पिस्तुलाचे नवे परवाने घेतले. त्यात आपली मंडळीही आहेत. दिमोना असो, अश्दोद असो की लोद, लग्नाच्या हॉलमध्ये किंवा सिनेगॉगच्या दारात चार-पाच जणांच्या कमरेला एकदाख दिसतेच. परवाना मिळतो, मित्वाखवर जाऊन ठरावीक गोळ्या झाडल्या जातात, पिस्तूल घरी येते. त्यानंतर त्याची निगा कशी राखायची, किती दिवसांनी ते उघडायचे, हे मात्र जो तो आपल्या समजुतीने ठरवतो. काही वडीलधारी मंडळी दर आठवड्याला ते घासत बसतात, तर काही तरुण ते कासेफेतमध्ये ठेवून परवान्याच्या नूतनीकरणापर्यंत विसरतात. दोन्ही सवयी चुकीच्या आहेत, आणि दोन्हींत धोका आहे.

आम्ही आयुष्यभर शाळेत शिकवले. एखादी गोष्ट का करायची हे कळल्याशिवाय ती अंगवळणी पडत नाही, हा आमचा अनुभव. म्हणून आधी कारण पाहू.

रोज घासण्याची सवय आपल्याकडे पलटणीतून आली. बेने इस्राएलांचे आणि फौजेचे नाते जुने. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतले. त्यांच्या काळी चकमकीची बंदूक आणि काळी दारू असे. ही दारू जळली की नळीत जो थर उरतो तो हवेतला ओलावा ओढून घेतो. मुंबईच्या पावसाळ्यात अशी बंदूक न धुता ठेवली तर दुसऱ्या दिवशी गंज ठरलेला. पुढे धूर न करणारी दारू आली, .३०३ रायफल आली, पण काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, जिला प्रायमर म्हणतात, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट होते. ते उडाले की नळीत क्षार उरतो, मिठाचाच भाऊ. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतायचे, मग कोरडी चिंधी, मग तेलाची चिंधी, आणि पुढचे काही दिवस रोज तपासायचे, असा पलटणीचा शिरस्ता होता.

१९६३ नंतर भारतात कॉलेजातील मुलांना एन.सी.सी. सक्तीची झाली. त्या पिढीतल्या अनेकांच्या हातून हे झाले आहे. चार इंच बाय दोन इंचांची कोरडी चिंधी, तेलासाठी चार बाय दीडची, आणि दोरीला बांधून ती नळीतून खेचायची. इंग्रजी ‘पुल-थ्रू’चे शिपायांनी ‘फुलतरू’ केले होते. इथल्या सैन्यात त्याच चिंधीला फ्लानेलीत म्हणतात. शब्द तोच, मुंबईच्या कापडबाजारातला फ्लॅनेल.

आजच्या ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाला हे सारे लागत नाही. कारखान्यात तयार होणाऱ्या आजच्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये तो क्षार नसतो. गोळीबारानंतर उरते ती काजळी, थोडे तांबे आणि थोडे शिसे. एक रात्र तसेच राहिले म्हणून नळी कुजत नाही. आता पिस्तुलाचे शत्रू निराळे आहेत: अंगाचा घाम, समुद्राची खारी हवा, नेगेवची धूळ, खिशातला आणि शर्टाखालचा कापसाचा भुगा, आणि वाळून चिकट झालेले जुने तेल. ह्यांपैकी एकही गोष्ट गोळी झाडल्याने होत नाही, नुसते बाळगल्याने होते. ‘आम्ही तर वर्षभर एकही गोळी झाडली नाही, मग साफ कशाला करायचे?’ हा प्रश्न वारंवार कानावर येतो. न झाडलेल्या पिस्तुलाकडेच जास्त लक्ष द्यावे लागते, कारण ते चालते की नाही हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

तेव्हा उत्तर असे. मित्वाखवरून आल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, साफ करावे. एरवी महिन्यातून एकदा. ग्लॉक कंपनी आपल्या पुस्तिकेत हेच सांगते: नवे घेतल्यावर पहिली गोळी झाडण्याआधी, प्रत्येक गोळीबारानंतर, आणि निदान महिन्यातून एकदा, पाऊस, घाम, खारे पाणी, धूळ लागली तर त्याहून लवकर. महिन्याची आठवण राहत नाही असे म्हणणाऱ्यांना आपल्याकडे सोपी खूण आहे, रोश होदेश. तो शब्बाथला आला तर रविवारी करावे.

महिन्याची सफाई म्हणजे झाडून सगळे घासणे नव्हे. पिस्तूल रिकामे करून स्लाइड आणि नळी वेगळी काढावी, कोरड्या फ्लानेलीतने भुगा-धूळ पुसावी, नळीतून उजेडाकडे पाहावे, गंजाचा तांबूस ठिपका कुठे दिसतो का ते बघावे, तेल वाळले असेल तर पुसून नवे लावावे. वीस मिनिटांचे काम. अश्दोद-अश्केलोनकडे जे राहतात, किंवा उन्हाळ्यात जे अंगाला लागून पिस्तूल बाळगतात, त्यांनी दर आठवड्याला बाहेरचा पृष्ठभाग पुसून घ्यावा. दिमोना, येरुहाम, बेअर शेवाकडे शाराव येऊन गेला की आकाश निवळल्यावर एकदा उघडून पाहावे. त्यापलीकडे स्क्रू आणि पिना काढत बसू नये. आतले सुटे भाग वर्षातून एकदा दुकानातल्या जाणकाराला दाखवावेत. ब्रश किंवा खोतेर, म्हणजे नळी साफ करायची काठी, नेहमी मागच्या बाजूने घालून पुढे न्यावी. पुढून घुसवली तर नळीचे तोंड घासले जाते आणि नेम बिघडतो. अति घासूनही शस्त्र झिजते, हे आठवड्याला घासणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. हिब्रूत ज्याला प्लितात कादूर म्हणतात, म्हणजे नको असताना गोळी सुटणे, ते पिस्तूल साफ करायला घेतल्यावरही होते. कारण साधे आहे: साफ करताना माणूस ते हातात घेतो, उघडतो, चाप ओढतो, आणि मनात धरून चालतो की ते रिकामे आहे. ग्लॉकसारख्या पिस्तुलात तर स्लाइड काढण्यासाठी चाप ओढावाच लागतो. चेंबरमध्ये काडतूस राहिले असेल तर गोळी सुटणारच.

म्हणून क्रम पाठ करावा: आधी माख्सानीत, मग स्लाइड. उलट केले तर काय होते ते पाहा. माख्सानीत आत असताना स्लाइड मागे ओढली, चेंबरमधले काडतूस बाहेर पडले, आपल्याला वाटले झाले. पण स्लाइड पुढे जाताना माख्सानीतमधले वरचे काडतूस आत ढकलते. आता माख्सानीत काढली तरी एक काडतूस चेंबरमध्ये बसलेले आहे, आणि डोळ्यांसमोर बाहेर पडलेले काडतूस असल्यामुळे मनाची खात्री पटलेली आहे. ही खात्रीच घात करते. आधी माख्सानीत काढून दूर ठेवावी, मग पिस्तूल भिंतीकडे किंवा जमिनीकडे रोखून स्लाइड मागे ओढून अडकवावी, डोळ्यांनी चेंबर पाहावे, आणि करंगळी घालूनही चाचपावे. अंधूक दिव्याखाली वयस्क डोळ्यांना पितळ आणि पोलाद सारखेच दिसते, म्हणून बोटाची साक्ष हवी. घरात दुसरे जाणते माणूस असेल तर त्यालाही पाहायला सांगावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, त्याच टेबलावर नव्हे.

ह्या देशात चेंबर रिकामे ठेवूनच पिस्तूल बाळगण्याची शिकवण आहे, आणि ती चांगली आहे. पण तिच्यामुळेच ‘आपल्या पिस्तुलात चेंबरमध्ये काही नसतेच’ असे गृहीत धरले जाते. मधेच फोन वाजला, नातवंड दारात आले, उठावे लागले, तर परत बसल्यावर तपासणी पहिल्यापासून करावी. दुसरी घातक वेळ शेवटची. साफ करून, जोडून, माख्सानीत भरून झाल्यावर ‘नीट बसले का बघू’ म्हणून एकदा स्लाइड आणि चाप ओढून पाहण्याचा मोह होतो. जे काही ओढून पाहायचे ते काडतुसे दुसऱ्या खोलीत असतानाच पाहून घ्यावे. एकदा भरले की थेट कासेफेतमध्ये किंवा कमरेला.

तेलाविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर बसलेल्या लोकांचा हात तेलाला सढळ असायचाच. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र तो आखडता घ्यावा. स्लाइड ज्या रुळांवर सरकते तिथे एकेक थेंब, नळीच्या बाहेरून बोटाने पुसट थर, चापाच्या सांध्याशी एक थेंब. सारे मिळून पाच-सहा थेंब झाले. ठिबकत असेल तर जास्त झाले. धुळीच्या मुलुखात जास्तीचे तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. तेल आणि बारीक वाळू मिळून पॉलिशचा कागद तयार होतो. फायरिंग पिनच्या पोकळीत तर तेल मुळीच घालू नये, तिथे चिकटा जमला की पिन जोराने आपटत नाही. चेंबरही कोरडे हवे. नव्या ग्लॉकच्या स्लाइडच्या आत तांबूस रंगाचे वंगण दिसते, ते कारखान्याचेच असते. घाण समजून खरवडू नये.

आणि तेल कोणते? तिळाचे, खोबरेल, ऑलिव्हचे, घरातले कुठलेही नको. तिळाचे आणि ऑलिव्हचे हवेने हळूहळू घट्ट आणि चिकट होते. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते, आणि दिमोन्यातली जानेवारीची रात्र कशी असते हे तिथल्या वाचकांना सांगायला नको. शस्त्रांसाठी मिळणारे तेल घ्यावे, एक लहान बाटली वर्षानुवर्षे पुरते. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक, पण ते वंगण म्हणून टिकत नाही, आणि झिरपत जाऊन काडतुसाच्या प्रायमरमध्ये गेले तर काडतूस निकामी करू शकते. अकोनोमिकाचे तर नावच काढू नये. इस्राएली घरात फरशीपासून न्हाणीघरापर्यंत सर्वांवर तोच उपाय, पण ब्लीचने पोलाद खाल्ले जाते, स्टेनलेस असले तरी.

चामड्याच्या म्यानात पिस्तूल कायम ठेवू नये. चामडे ओलावा धरते, आणि त्यातल्या रसायनांनी पितळी काडतुसांवर हिरवट थर चढतो. कासेफेतमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. तेच वरचे काडतूस पुन्हापुन्हा चेंबरमध्ये घालून काढत राहिले तर गोळी काडतुसात आत दबते आणि दाब धोकादायक वाढतो, म्हणून असे काडतूस वेगळे काढावे. जुनी काडतुसे मित्वाखवर वापरून संपवावीत आणि घरी ताजी आणावीत. माख्सानीतच्या स्प्रिंगची फार चिंता नको. ती भरून ठेवल्याने जितकी झिजते त्याहून भर-उतर करण्याने झिजते.

एका गोष्टीकडे आपल्या घरांत साफ दुर्लक्ष होते. मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी ठेवणारे आपण, पिस्तूल मात्र जेवणाच्या टेबलावर साफ करतो. त्या काजळीत शिसे असते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसे किती घातक आहे हे आता सर्वमान्य आहे. जुने वर्तमानपत्र पसरून, खिडकी उघडून, स्वयंपाकघराबाहेर हे काम करावे. चिंध्या पिशवीत बांधून टाकाव्यात, धुवायच्या कपड्यांत घालू नयेत. हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावू नयेत, नातवंडालाही नाही.

शेवटी आमच्या वयाच्या मंडळींसाठी. महिन्याची सफाई ही पिस्तुलाची तशी आपलीही परीक्षा असते. बोटांच्या सांध्यांमुळे स्लाइड पूर्ण मागे ओढवत नसेल, जोडताना भाग कुठे बसतो हे आठवायला वेळ लागत असेल, चेंबर दिसत नसेल, तर नातवाला ‘तू सैन्यात आहेस, एवढे साफ करून दे’ म्हणून ते हाती देऊ नये. परवाना आपल्या नावाचा आहे, घराचा नव्हे. अशा वेळी पिस्तूल परत करण्याची रीत परवाना कार्यालयात विचारून घ्यावी. परवानाधारकाचे निधन झाले तर घरच्यांनी आवराआवर करताना कासेफेत उघडून पिस्तूल हाताळू नये. कासेफेत आहे तशी बंद ठेवून आधी पोलीस ठाण्यात कळवावे. आणि कासेफेतची किल्ली कुठे आहे हे कोणाला माहीत असावे आणि कोणाला नसावे, ते आजच ठरवून ठेवावे.