दिवे बदलण्याआधी डोळे तपासा

उसाचा हंगाम सुरू झाला, रात्री मोठ्या झाल्या, की माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास वाढते. "डॉक्टर, रात्री गाडी चालवताना नीट दिसत नाही. जादा पॉवरचे बल्ब टाकू काय?" खरे तर हा प्रश्न ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारायचा. पण तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे येतो यात शहाणपण आहे. रात्रीचे दिसणे हे दिवा, काच आणि डोळा या तिघांचे मिळून काम आहे. तिघांपैकी एक अधू असेल तर दुसऱ्यावर कितीही खर्च केला तरी उपयोग होत नाही.

प्रथम डोळ्याचे पाहू. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जास्त उजेड आत घेते. तरुणपणी ती सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढेल तशी ती कमी उघडू लागते आणि डोळ्यातले भिंगही पिवळसर होत जाते. त्यामुळे विशीतल्या तरुणाच्या दृष्टिपटलावर जितका उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या माणसाला मिळतो. गाडी तीच, दिवे तेच, रस्ताही तोच. पण मुलाला दिसणारा खड्डा वडिलांना दिसत नाही, तो यामुळे.

त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर अडचण दुप्पट. गढूळ भिंगामुळे समोरून येणारा प्रकाश डोळ्यात विखुरतो. दिव्याभोवती वलये दिसतात, किरण फाकतात आणि त्या पांढऱ्या पडद्यामागे रस्ता हरवतो. दिवसा वर्तमानपत्र बिनचूक वाचणाऱ्या माणसालाही हा त्रास असू शकतो. गेल्या हंगामात कागलकडचे एक व्यापारी माझ्याकडे आले होते. गाडीचे बल्ब त्यांनी दोनदा बदलले होते. तक्रार मात्र कायम होती. तपासले तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या तपासणीला आल्यावर म्हणाले, "डॉक्टर, आता जुने बल्बसुद्धा चालले असते की!"

चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी डोळे तपासावेत. मधुमेह असेल तर दरवर्षी. चष्म्याचा थोडासा जुना नंबर दिवसा खपून जातो, रात्री खपत नाही. चष्म्याच्या काचेवर चरे असतील तर काच बदलावी. परावर्तन कमी करणारा लेप असलेली काच घेतली तर फायदा होतो. 'नाईट ड्रायव्हिंग'च्या नावाने मिळणारे पिवळे चष्मे मात्र घेऊ नयेत. अमेरिकेतील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या चष्म्यांनी पादचारी लवकर दिसण्यास काहीच मदत झाली नाही. आधीच अपुरा असलेला उजेड ते आणखी कमी करतात, एवढेच. मूल किंवा तरुण माणूस अंधारात चाचपडत असेल तर ते रातांधळेपणाचे लक्षण असू शकते. त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

आता काचेकडे वळू. समोरची काच बाहेरून आपण पुसतो, आतून पुसत नाही. आतल्या बाजूला धूळ आणि तेलकट थर साचतो आणि समोरच्या दिव्याचा उजेड त्यावर पसरतो. हेडलाईटची प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी, धुरकट होते. ती पॉलिश करून घेतली किंवा बदलली तर जुन्याच बल्बचा उजेड कितीतरी वाढतो.

राहिला दिवा. हॅलोजन बल्बचा स्वभाव असा, की त्याला मिळणारा दाब १० टक्क्यांनी घटला तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. गंजलेले अर्थिंग आणि सैल कनेक्शन यांमुळे हे नेहमी घडते. म्हणून आधी वायरिंग तपासून घ्या, लागल्यास रिले बसवा. जुने बल्ब काळवंडतात. ते जोडीनेच बदला.

पुष्कळजण ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब टाकतात. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पाच अँपिअर घेतो, १०० वॅटचा आठाहून अधिक. मूळच्या वायरी आणि होल्डर त्यासाठी नसतात. ते तापतात, वितळतात. शिवाय दुप्पट उजेडाने दुप्पट लांबचे दिसत नाही. दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड पाडायला चौपट प्रकाश लागतो.

एलईडीचे तसेच. कंपनीतूनच एलईडी दिवा आलेला असेल तर उत्तम. पण हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब बसवला, की प्रकाशाचा उगम मूळ जागेवर राहत नाही आणि झोत वाटेल तसा फाकतो. आपल्याला पुढे पांढरे लख्ख दिसते म्हणून समाधान वाटते. प्रत्यक्षात तो उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. निळसर पांढरा प्रकाश तर अधिकच खुपतो. मग समोरचाही तसेच बल्ब टाकतो आणि दोघेही एकमेकांना आंधळे करतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळे दिपले तर ५० मीटर रस्ता न पाहता कापला जातो!

कायद्यालाही हे मान्य नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील १०६ व्या नियमानुसार गाडीच्या दिव्याचा झोत खाली वळलेला हवा, समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत.

तो वळलेला आहे की नाही हे घरीच पाहता येते. सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. चाकांत हवा बरोबर असावी, चालक जागेवर बसलेला असावा. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. डाव्या बाजूला ती थोडी वर चढलेली दिसेल. रस्त्याची कड दिसावी म्हणून ती तशीच असते. मागे माणसे आणि सामान भरले की गाडीचे नाक वर होते आणि झोतही. पुष्कळ गाड्यांत तो खाली घेण्याची चकती असते, ती वापरा.

आंबा घाटात किंवा गगनबावड्याकडे धुके लागले तर अप्पर लावू नका. धुक्याचे थेंब तो उजेड आपल्याच डोळ्यांवर परत फेकतात. डिपर लावा आणि वेग कमी करा. समोरून अप्पर मारत गाडी आली तर तिच्या दिव्यांकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवा.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवा. डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस पुष्कळदा ४०-५० मीटरवर आल्यावरच दिसतो. ताशी ८० च्या वेगातली गाडी थांबायला सुमारे ७० मीटर लागतात. आपल्या रस्त्यांवर या दिवसांत विनादिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या असतात, बैलगाड्या असतात, चैत्रात जोतिबाला चालत जाणारे भाविक असतात. ट्रॉलीमालकांनी मागे रिफ्लेक्टर लावावेत, रात्री चालणाऱ्यांनी पांढरे कपडे घालावेत. आणि चालकांनी दिव्यांवर हजारो रुपये घालण्याआधी काच पुसावी, झोत तपासावा, डोळे दाखवावेत. सरकारी रुग्णालयात डोळ्यांची तपासणी होते, मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही मोफत होते. एवढे करूनही रात्री अडखळायला होत असेल, तर सूर्य मावळण्याआधी घरी पोचण्यात कमीपणा मानू नये.