साखर जिरते कुठे?

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंची आणि वजनावरून काढतात तो बीएमआय दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्याच बीएमआयला चरबी जास्त, म्हणजे दुसरे काहीतरी कमी. ते मुख्यतः स्नायू.

हा फरक उतारवयात येत नाही, जन्मतःच असतो. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली नवजात बाळे मोजली आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी तुलना करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे. तूट सर्वाधिक पडली ती स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत; चरबी मात्र आपल्या बाळाने बरीचशी राखलेली होती. पुण्याहून येताना शिरूरला घोड नदी ओलांडली की आपला अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. पाऊस, भाकरी आणि गर्भारपणातही शेतात राबणारी बाई, यांतले काहीच त्या पुलावर बदलत नाही.

स्नायू कमी असले तर बिघडते काय? कुस्ती थोडीच खेळायची आहे? असे आपण सहज म्हणतो. १९५० साली लोणीत प्रवरा कारखान्याचे गळीत सुरू झाले, तेव्हापासून सहकारी साखर हा या जिल्ह्याचा मोठा व्यवहार. कारखान्यातला कुणीही सांगेल, गोदाम लहान असले की पोती उघड्यावर येतात. शरीरातही असेच होते. जेवणानंतर इन्शुलिनच्या हुकमाने रक्तातून जी साखर उचलली जाते, तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायूंकडे जातो. ती ग्लायकोजेन म्हणून साठते: यकृतात साधारण १०० ग्रॅम, तर सगळ्या स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. स्नायू थोडे असतील, किंवा दिवसभर बसून राहिल्याने त्यांतला साठा खर्चच झाला नसेल, तर साखर रक्तात फिरत राहते आणि उरलेलीची यकृतात चरबी होऊ लागते. बारीक अंगाच्या माणसाला चाळिशीतच मधुमेह निघतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

दिलासा असा की काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट पाहत नाही. तो आकुंचन पावू लागला की साखर आत घेणारी ग्लूट-४ ही प्रथिने आपोआप पेशीच्या कडेला येतात. इन्शुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही हा मार्ग बराचसा शाबूत असतो. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालले तरी साखर उतरते ती याच वाटेने.

स्नायू बाकीच्या अवयवांना निरोपही धाडतात. कोपनहेगनच्या बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्या गटाने २००० साली दाखवले की राबणारा स्नायू इंटरल्युकिन-६ हा पदार्थ रक्तात सोडतो. अशा पदार्थांना आता मायोकाइन म्हणतात. यकृत, चरबी आणि रोगप्रतिकारक पेशी यांच्यावर त्यांचा परिणाम होतो.

आजारपणात तर शरीर स्नायू मोडूनच प्रथिने मिळवते. ज्याच्याकडे ही शिल्लक नाही, तो न्यूमोनियातून किंवा खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेतून उठायला फार झगडतो. निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेल्याचे २००७ साली अमेरिकेत दिसले. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताची पकड मोजणारा एक अभ्यास २०१५ साली आला. पकड ५ किलोने कमी, तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, असे त्यात आढळले. म्हणून ‘आजी, आता बसून राहा, काही करू नका’ ही आपली माया मला घातक वाटते. बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजने उचलून घेतली, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. ही १९९० सालची गोष्ट आहे.

मग राबणाऱ्यांना व्यायामाची काय गरज? पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी बाई पहाटेपासून कोयता चालवते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. पण स्नायू कामात झिजतो आणि विश्रांतीत, पोटात प्रथिने असतील तरच भरतो. हे तालमीतल्या वस्तादाला पक्के ठाऊक असते. जोर-बैठकांइतकाच तो खुराक आणि झोपेचा आग्रह धरतो. तोडीच्या फडावर ना झोप, ना खुराक. तिला व्यायामाचा उपदेश करणे अन्याय आहे. तिला मजुरी, सुट्टी आणि ताटात डाळ-अंडी हवीत.

ताटाचा प्रश्न बागायती घरांतही आहे. दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते. प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, असे आयसीएमआर सांगते. वयस्करांना १ ते १.२ ग्रॅम द्यावीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावे. पन्नास किलोच्या आजीला म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. दोन भाकरी आणि पातळ आमटीत ती भरत नाहीत. हुलगे, मटकी, शेंगदाणे, दही, अंडी यांची जोड लागते, आणि तीही प्रत्येक जेवणात.

स्नायूंची ताकद तपासायला यंत्र लागत नाही. हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. त्याला १२ सेकंद किंवा अधिक लागली तर तो कमजोरीचा इशारा, असे आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली ठरवले आहे. हे मोजायला डॉक्टरही लागत नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडमध्ये काम सुरू केले आणि फारशा न शिकलेल्या खेड्यातल्या बायांना बाळंतपण करायला, बालकांचे वजन नोंदवायला शिकवले. त्याच जिल्ह्यात आज गावोगावी आशाताई आहेत. साठीपुढच्या प्रत्येकाच्या रक्तदाबाशेजारी या बारा सेकंदांचाही एक रकाना त्यांच्या नोंदवहीत घाला, एवढी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला विनंती आहे. आणि त्यासाठी आशाताईंना वेगळे मानधनही द्या.