खोडलेला परिच्छेद

जॉर्ज लमेत्र हे नाव विश्वाच्या प्रसरणाशी जोडलं गेलं, त्याआधीचं त्यांचं एक टिपण आहे. 1921 साली, धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेत असताना त्यांनी ते लिहिलं. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात देव सृष्टी घडवताना जे बोलतो, ते भौतिकशास्त्राशी जुळवून दाखवण्याचा हा खटाटोप होता. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून लढलेला, गणितात डॉक्टरेट मिळवलेला हा बेल्जियन तरुण तेव्हा हे मनापासून करत होता. पुढच्या काही वर्षांत त्यांनी हा नाद सोडला, आणि मला त्यांच्या आयुष्यातली तीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

1923 मध्ये दीक्षा झाली. मग केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याकडे आणि पुढे अमेरिकेत अभ्यास. 1927 साली लमेत्र यांनी दाखवून दिलं, की दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जाताना दिसतात कारण विश्वच प्रसरण पावतं आहे. निबंध फ्रेंचमध्ये, ब्रुसेल्सच्या नियतकालिकात. फारसा कुणी वाचलाच नाही. आइन्स्टाइन यांनी वाचला तो नाक मुरडायला: गणित बरोबर, भौतिकशास्त्र भयंकर. दीर्घिका दूर जात असल्याची खगोलशास्त्रज्ञ हबल यांची निरीक्षणं 1929 मध्ये आली आणि हवा पालटली.

मे 1931 मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचं एक छोटं पत्र छापून आलं. सगळं विश्व एकाच आद्य क्वांटमपासून सुरू झालं असावं, ही कल्पना त्यात पहिल्यांदा मांडली होती; पुढे तीच महास्फोट म्हणून ओळखली गेली. या पत्राची टंकलिखित प्रत टिकून आहे. शेवटी आणखी एक परिच्छेद टाइप केलेला दिसतो: देव मानणारा माणूस देव गुप्त आहे हेही मानतो, आणि आजचं भौतिकशास्त्र सृष्टीच्या आरंभावर पडदा टाकतं याचा त्याला आनंदच वाटेल, अशा अर्थाचा. त्यावर रेघ ओढली आहे. छापील पत्रात तो नाही. देवाचा पुरावा म्हणून विज्ञान पुढे करणं तर सोडाच, देवाचा साधा उल्लेखही त्यांनी ‘नेचर’च्या पानावर ठेवला नाही.

श्रद्धा लपवायची होती म्हणून खोडलं, असं कुणी म्हणेल. पण धर्मगुरूच्या पोशाखातच ते परिषदांना जात. पवित्र शास्त्र तारणाचा मार्ग सांगतं, विज्ञान शिकवत नाही, हे मुलाखतींतही उघड बोलत.

कसोटी लागली ती 1951 च्या नोव्हेंबरात. पोप बारावे पायस यांनी पाँटिफिकल अकादमीपुढच्या भाषणात नव्या विश्वशास्त्रात उत्पत्तीतल्या प्रकाशाच्या आज्ञेची साक्ष पाहिली. अकादमीचे सदस्य असलेले लमेत्र अस्वस्थ झाले. उद्या हा सिद्धांत चुकीचा ठरला तर? शिवाय फ्रेड हॉइल यांच्यासारख्या विरोधकांना त्यात आधीपासूनच धर्माचा वास येत होता. त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. लमेत्र यांनी व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख फादर ओ’कॉनेल यांच्यामार्फत आपलं म्हणणं पोहोचवलं, असं सांगतात. 1952 च्या सप्टेंबरात रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे पोप बोलले, तेव्हा तो दावा भाषणात नव्हता.

श्रद्धा आणि विज्ञान या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या की सगळे प्रश्न सुटतात, असं नाही. आदामाचं काय, चमत्कारांचं काय, हे उरतंच. पण लमेत्र यांची भूमिका विज्ञानाला घाबरून घेतलेली माघार नव्हती, एवढं नक्की. 1958 मध्ये सॉल्व्हे परिषदेत त्यांनी यशयाच्या पुस्तकातल्या गुप्त देवाचा दाखला दिला; तो देव सृष्टीच्या आरंभातही गुप्तच आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पुरावा नाकारण्याचं बळ त्यांना पवित्र शास्त्रातूनच मिळालं होतं.

महास्फोटानंतरच्या प्रारणाचा शोध लागल्याची बातमी त्यांना शेवटच्या आजारपणात कळली. 20 जून 1966 रोजी ते गेले. आजही प्रवचनांत महास्फोट हा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा पुरावा म्हणून ऐकवला जातो. तसं सांगणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ही कल्पना मांडणारा माणूस स्वतः फादर होता आणि त्याला हा पुरावा नको होता.