ताऱ्यांचे अक्षभ्रमण आणि प्रकाशवक्रांचे फ्रॅक्टल विश्लेषण

सूर्य स्वतःभोवती फिरतो हे त्याच्या पृष्ठावरील डागांच्या सरकण्यावरून सतराव्या शतकाच्या आरंभीच ध्यानात आले. विषुववृत्तापाशी त्याचा भ्रमणकाल सुमारे २५ दिवसांचा असून ध्रुवांकडे तो ३० दिवसांहून अधिक आहे. इतर ताऱ्यांच्या बाबतीत ही सोय नाही. थोडे अपवाद सोडल्यास तारा मोठ्या दुर्बिणीतूनही बिंदुमात्रच दिसतो. वर्णपटातील रेषांच्या रुंदीवरून भ्रमणाचा वेग अजमावता येतो खरा. परंतु ताऱ्याचा अक्ष आपल्या दृष्टिरेषेशी किती कललेला आहे हे ठाऊक नसल्यामुळे त्यातून वेगाची किमान मर्यादा तेवढी हाती लागते. उरतो तो ताऱ्याच्या तेजातील चढउतार. डागांचा समूह समोर आला की तेज किंचित घटते, पलीकडे गेला की पूर्ववत् होते. या चढउताराचा आवर्तकाल तोच भ्रमणकाल होय. सूर्यसदृश ताऱ्यांचे भ्रमण वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात मंदावत जाते असे स्कुमानिच यांनी १९७२ मध्ये दाखविल्यापासून या मापनाला विशेष महत्त्व आले, कारण भ्रमणकाल कळला म्हणजे वयाचा अंदाज बांधता येतो.

व्यवहारात मात्र हा आवर्तकाल सहजी सापडत नाही. डाग उपजतात आणि विरतात. वेगवेगळ्या अक्षांशांवरचे डाग वेगवेगळ्या गतीने फिरतात. दोन समूह परस्परांच्या विरुद्ध बाजूंस असले तर भ्रमणकाल निम्माच भासतो, आणि त्यावरून काढलेले वय खऱ्या वयाच्या चतुर्थांशावर येते! नियमित लहरी शोधणारी रूढ गणिती साधने अशा वेळी अपुरी पडतात. फ्रॅक्टल विश्लेषणाचा विचार पुढे आला तो येथेच.

या पद्धतीचे मूळ खगोलशास्त्रात नसून जलसिंचनात आहे. नाईल नदीवरील धरणासाठी किती साठवण लागेल, या प्रश्नावर हर्स्ट या अभियंत्याने दीर्घकाळ काम केले व १९५१ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. खडकवासल्यासारखा एखादा जलाशय कल्पावा. त्यात दरवर्षी येणारे पाणी कमीजास्त असते, परंतु सोडावयाचे पाणी दरवर्षी सरासरीइतकेच आहे. तर सरासरीपासूनच्या विचलनांची क्रमाने बेरीज करीत गेल्यास जलाशयाची सर्वोच्च व सर्वांत खालची पातळी मिळते. या दोहोंतील अंतर हीच आवश्यक साठवण. तिला प्रमाण विचलनाने भागले असता येणारी संख्या कालखंडाच्या लांबीबरोबर ज्या घाताने वाढते, तो हर्स्ट घातांक. वर्षावर्षांचा परस्परसंबंध नसेल तर हा घातांक ०.५ येतो. नाईलसाठी तो ०.७ च्या आसपास आला. म्हणजे सुकाळामागून सुकाळ आणि दुष्काळामागून दुष्काळ येण्याकडे नदीचा कल होता. प्रवाहाला जणू स्मृती आहे! पुढे मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ ही संज्ञा रूढ केली. स्वयंसदृश आलेखाची फ्रॅक्टल मिती म्हणजे २ उणे हर्स्ट घातांक, असा या दोन राशींचा साधा संबंध आहे.

ताऱ्याच्या प्रकाशवक्राला हीच रीत लावली असता काय घडते? शुद्ध ज्या-लहर घेतली तर आवर्तकालापेक्षा बऱ्याच लहान कालखंडांत ती एकाच दिशेने चढणाऱ्या वा उतरणाऱ्या रेषेसारखी वागते व घातांक १ च्या जवळ राहतो. कालखंड आवर्तकालाहून पुष्कळ मोठा झाला की बेरजा परस्परांस छेदू लागतात, साठवण वाढेनाशी होते आणि लॉगॅरिथमांचा आलेख आडवा होतो. आलेखाला जेथे बाक येतो तेथे भ्रमणकालाची खूण असते. डाग अल्पायुषी असले तर हा बाक बोथट होतो, पण नाहीसा होतोच असे नाही. घातांकाच्या एका आकड्यापेक्षा या बाकाकडे अभ्यासकाने अधिक लक्ष द्यावे हे बरे.

डी फ्रेइटास आणि त्यांच्या ब्राझीलमधील सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. कोरो या उपग्रहाच्या निरीक्षणांतून त्यांनी सूर्याइतकाच भ्रमणकाल असलेले तीन तारे निवडले, आणि त्यांची तुलना इतर १४ ताऱ्यांशी व सूर्याच्या सक्रिय आणि शांत अशा दोन्ही अवस्थांशी केली. तिघांपैकी एकाचाच हर्स्ट घातांक सूर्याशी जुळला. उरलेल्या दोघांचा बराच कमी आला. भ्रमणकाल समान असूनही प्रकाशवक्राची स्मृती भिन्न! सूर्यसदृशता केवळ भ्रमणकालावरून ठरवू नये, हा या निष्कर्षाचा अर्थ. मात्र एका ताऱ्याच्या जुळण्यावर फार मोठी इमारत उभारणे घाईचे होईल.

अशा विश्लेषणातील खरा धोका निरीक्षणांतील खंडांचा आहे, आणि तो पुण्यातील अभ्यासकांनी स्पष्ट केला आहे. येथील आयुका या संस्थेतील मिश्रा व केंभावी यांनी हरिकृष्णन, मुखोपाध्याय आणि अंबिका यांच्यासह २००४ मध्ये गरुड राशीतील जी. आर. एस. १९१५+१०५ या कृष्णविवर असलेल्या क्ष-किरण स्रोताची सहसंबंध मिती काढली. त्याच्या बारा प्रकारच्या वर्तनांपैकी चारांत मिती ४ ते ५ च्या दरम्यान स्थिरावली. ते वर्तन यादृच्छिक नसून नियमबद्ध अव्यवस्थेचे, म्हणजे केऑसचे आहे, असे त्यावरून दिसले. नंतर २०१५ मध्ये जॉर्ज, अंबिका व मिश्रा यांनी खंडांचाच प्रश्न हाती घेतला. खंड तसेच ठेवून गणित केल्यास, त्यांचा आकार व वारंवारता एका मर्यादेत असेपर्यंत मिती फारशी ढळत नाही. पण त्रिघाती स्प्लाइनने ते भरून काढले, तर निव्वळ यादृच्छिक गोंगाटही केऑससारखा दिसू लागतो. हंस राशीतील एस. एस. सिग्नी या ताऱ्यावर त्यांनी हे दाखवून दिले: त्याचा प्रकाशवक्र केऑसचा नसतानाही भरणीनंतर मिती स्थिरावली.

हा इशारा सहसंबंध मितीविषयीचा असला तरी हर्स्ट घातांकालाही तो तितकाच लागू पडावा. भरलेला भाग स्वभावतः गुळगुळीत असतो. त्यातून नसलेली स्मृती निर्माण होते. जुन्नरजवळील गिरवली येथे आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. पण दिवस आणि पावसाळा हे दोन्ही खंड तिलाही चुकत नाहीत. केप्लर यानाने २००९ ते २०१३ या काळात साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेली निरीक्षणे याबाबतीत पुष्कळच अखंड असून सर्वांना खुली आहेत. तथापि ते यान दर तीन महिन्यांनी ९० अंशांतून वळविले जात असे व तारा दुसऱ्या संवेदकावर जाई. त्यामुळे प्रकाशवक्रात पायऱ्या पडतात. त्या सांधताना उपकरणजन्य कल काढून टाकावाच लागतो, आणि तो फार कसोशीने काढला तर ३० दिवसांहून मंद फिरणाऱ्या ताऱ्याचे खरे चढउतारही त्याबरोबर वाहून जातात. सांधण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही वक्रांचे घातांक म्हणूनच शेजारी शेजारी छापले जावेत.