१ जूनच्या आजी

सकाळी ६.३०
बाहेर धुकं आहे. ओट्यावर बॅग उघडून एकेक वस्तू मोजते: स्वॅब, गुलाबी द्रावणाच्या नळ्या, हातमोजे, एन-९५ मास्क, दुहेरी पिशव्या, बर्फाच्या थैल्या. स्वॅब कृत्रिम तंतूंचाच हवा. कापसाच्या बोळ्याची लाकडी काडी पीसीआर तपासणीत अडथळा आणते. मी मूळची मिरजेची, इथे सनीव्हेलमध्ये घरोघर जाऊन रुग्ण बघणारी नर्स. जानेवारीत फ्लू, आरएसव्ही आणि कोविड एकदमच दारात उभे असतात.

८.००
फेअर ओक्स अव्हेन्यूजवळच्या घरात आठ महिन्यांचं बाळ. आधी अंगडं वर करून श्वास बघते. बरगड्यांखाली खड्डा पडत नाही ना, याची खात्री झाल्यावरच स्वॅब हातात घेते. आई त्याला मांडीवर पाठमोरं धरते. रडतं, पण क्षणात झालं.

९.४०
ऑर्टेगा पार्कजवळ. साताऱ्याहून लेकाकडे आलेल्या आजी. काल रात्री नऊच्या सुमारास थंडी वाजून ताप भरला, अंग ठणकतंय.

"आजी, जन्मतारीख सांगा."

"पासपोर्टावर १ जून आहे गं. खरी कुणाला ठाऊक! आई म्हणायची, आषाढात झालीस, एकादशीच्या आदल्या दिवशी."

शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली १ जून त्या पिढीत घरोघर सापडते. इथे मात्र महिना आधी लिहितात. नवी होते तेव्हा अशाच एका काकूंच्या नळीवर मी सवयीने ०१/०६ लिहिलं. अर्जावर ०६/०१ होतं. नमुना नाकारला गेला. पुन्हा घेऊन अहवाल येईपर्यंत दोन दिवस गेले आणि काकूंना दवाखान्यात भरती करावं लागलं. ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. तेव्हापासून नळीवरचं नाव आणि तारीख रुग्णासमोर लिहिते, मोठ्याने वाचते, आणि त्यांनी "हो" म्हटल्याशिवाय खोली सोडत नाही.

आजींची मान थोडी मागे. स्वॅब वर कपाळाकडे न्यायचा नाही. टाळूला समांतर, सरळ मागे, अडेपर्यंत. जोर लावायचा नाही. तिथे काही सेकंद थांबायचं, ओल शोषू द्यायची, मग हलकेच फिरवत बाहेर.

"पोरी, डोळ्यांतून पाणी आलं बघ."

"येऊ द्या, आजी. जागा बरोबर सापडली."

काडी खुणेवर मोडते, नळीत टाकते, झाकण घट्ट. आजी माझा हात धरून ठेवतात. त्यांचा तळवा हातमोज्यातूनही भाजतो.

१२.१५
कॅरिबियन ड्राइव्हवरून जाताना सेफीडची इमारत लागते. सांगली जिल्ह्यात क्षयरोगाच्या कामावर होते तेव्हा 'सीबीनॅट' हा शब्द दिवसातून दहादा तोंडी यायचा. ते यंत्र या कंपनीचं. क्षयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस डिसेंबर २०१० मध्ये केली; त्यावरच्या, साधारण ४५ मिनिटांच्या कोविड तपासणीला अमेरिकेत मार्च २०२० मध्ये तातडीची परवानगी मिळाली. सांगलीकडे डबी दिली की लोक लाळ भरून आणत. मी अंगणात उभी राहून स्वतः खोकून दाखवायचे: असा, छातीतून आलेला बेडका हवा, सकाळचा. डबीत जे आलंच नाही ते यंत्र शोधणार कुठून?

जवळच शहराचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. सांता क्लारा काउंटी त्या मैल्यातूनही विषाणूंचा माग घेते. शहरात फ्लू चढतोय हे त्यावरून कळतं. आजींचा ताप फ्लूचाच आहे का, हे मात्र माझ्या पेटीतली नळीच सांगणार.

२.००
आणखी दोन घरं. दोन्हीकडे काम सरळ झालं.

४.१०
नळ्या लॅबच्या खिडकीत. दोन ते आठ अंश तापमानात त्या ७२ तास टिकतात, पण मी एकही रात्र जाऊ देत नाही. फ्लूचं औषध ४८ तासांच्या आत सुरू झालं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं, आणि आजींचे तास काल नऊपासून मोजले जातायत.

संध्याकाळी ७.३०
अहवाल आला, फ्लू ए. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, लेक दुकानातून घेऊनही आला. मी फोन केला तेव्हा आजींनी भाताची पेज घेतली होती. पहिली कॅप्सूल माझ्याशी बोलतानाच घेतली. साडेबावीस तास झाले होते.