घागर टाकून गावात गेलेली बाई

शोमरोनातल्या सुखार गावाबाहेर याकोबाची विहीर आहे. तिथे भर दुपारी एक बाई पाणी भरायला येते. ऊन रणरणत असताना एकटीनेच पाण्याला येणारी बाई गावात कुणाच्या बोलण्याचालण्यात नसणार, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विहिरीशी दमून बसलेला येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चकितच होते. यहुदी माणूस शोमरोन्यांच्या भांड्याला तोंड लावत नसे, आणि गुरूने वाटेवर परक्या बाईशी बोलणं शिष्यांनाही रुचणारं नव्हतं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात हा संवाद सविस्तर आला आहे. देवाची उपासना गरिज्जीम डोंगरावर करायची की यरुशलेमेत, हा दोन्ही समाजांतला पिढ्यान् पिढ्यांचा तंटा ती बाई त्याच्यापुढे मांडते. येशू तिला सांगतो, की खऱ्या उपासनेला डोंगराचं किंवा शहराचं बंधन राहणार नाही. तिचे पाच संसार झाले हे तो जाणतो, पण तिला खाली पाहायला लावत नाही. आपण ख्रिस्त आहोत हे या शुभवर्तमानात तो सर्वांत आधी उघडपणे सांगतो ते तिलाच. मग ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि लोकांना म्हणते, या, बघा, हाच तर ख्रिस्त नसेल? ती उपदेश करत नाही, निवाडाही देत नाही. लोक येतात, त्याला दोन दिवस ठेवून घेतात आणि शेवटी तिला सांगतात, की आता आमचा विश्वास तुझ्या बोलण्यावरून नाही, आम्ही स्वतः ऐकलं आहे.

सुवार्ता सांगणाऱ्याने कुठे थांबावं, हे माझ्या मते इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे आलेलं नाही. आपल्याला काय लाभलं ते सांगावं, लोकांना प्रभूपर्यंत आणावं आणि बाजूला व्हावं.

येशूने आपलं काम काय, हे नासरेथच्या सभास्थानात सांगितलं होतं. यशया संदेष्ट्याचा ग्रंथपट उघडून त्याने वाचलं ते गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका आणि आंधळ्यांना दृष्टी याविषयी. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे हे काम वधस्तंभ आणि पुनरुत्थान यांत पूर्ण झालं: माणूस आणि देव यांच्यातला दुरावा तिथे मिटला. पुनरुत्थानानंतर गालीलातल्या डोंगरावर त्याने शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जायला सांगितलं. ही आज्ञा फक्त पहिल्या शिष्यांपुरती होती, असं मानणारे पुढे बरेच होते. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीने १७९२ मध्ये पुस्तिका लिहून ते मत खोडून काढलं आणि दुसऱ्याच वर्षी तो बंगालात आला.

शोमरोनी बाईची ही गोष्ट महाराष्ट्रातल्या एका बाईच्या आयुष्यात फार खोलवर गेली. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. समाजाने वाईट ठरवून टाकलेल्या बायकांना या भगिनी तिथे मायेने सांभाळत होत्या. शास्त्रांत पारंगत असलेल्या रमाबाईंनी असं कधी पाहिलं नव्हतं. हे तुम्ही का करता, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना विहिरीवरचा प्रसंग वाचून समजावला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आधी सेवा दिसली आणि मग तिचं कारण विचारलं गेलं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असं त्यांचं वचन होतं. मात्र स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी त्या खोलीचं दार बंद करत नसत आणि मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठा गहजब झाला. समाजसुधारक रानडे आणि भांडारकर संस्थेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. मी ख्रिस्ती आहे म्हणून रमाबाईंची बाजू घेऊन मोकळं होणं मला पटत नाही. ज्या विधवेला दुसरा आसरा नाही तिच्यावर आश्रयदातीच्या श्रद्धेचं वजन पडतं, ही पालकांची चिंता खरी होती. पण आपली श्रद्धा लपवून जगा, असंही कुणी कुणाला सांगू नये. सदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या गोदूबाई तिथे शिकल्या, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि त्या हिंदूच राहिल्या. उघड्या दाराचा हाही पुरावा आहे.

सुवार्तेच्या नावाखाली बळजबरी झाली, हे ख्रिस्ती माणसाने मान खाली घालून कबूल केलं पाहिजे. गोव्यात १५६० पासून धर्मसमीक्षण सभेने (इन्क्विझिशनने) जे केलं त्यात विहिरीवरच्या संवादाचा मागमूस नव्हता. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ मध्ये, कुणालाही जबरदस्तीने किंवा आमिषाने श्रद्धेकडे ओढायला स्पष्ट मनाई केली. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं. साक्ष देणं आणि धर्मांतर घडवणं यांतला फरक सुखारच्या त्या बाईला कळला होता. मन वळवणं हे देवाचं काम, असंच ख्रिस्ती धर्म मानतो.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तरुणपणी त्यांनी उपासमारीत आईवडील गमावले होते, त्यामुळे भुकेलेल्या मुलींकडे पाहणं त्यांना किती जड गेलं असेल! त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा दौंडच्या वाटेवरच्या केडगावात आपल्या शेतावर झोपड्या उभारल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, दूधदुभतं, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवत. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई.

आणि याच गर्दीत त्यांनी बायबलचं भाषांतर हाती घेतलं. प्रचलित मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर वाटे, जेमतेम वाचता येणाऱ्या खेड्यातल्या बाईला ते पेलत नसे. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि एकेक पुस्तक सोप्या मराठीत आणत गेल्या. ऐकू कमी येऊ लागलं तरी काम थांबलं नाही. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, कागद छापणाऱ्या आणि फर्मे शिवणाऱ्या बायकांना अक्षरओळख याच सदनात झाली होती.